मावशीचे लाल हात

जगात भूत नावाची वस्तूच नाही, आणि असलीच तर शनिवारी शाळेच्या सभागृहात ती आपल्यासमोर हात जोडून उभी राहील, असं भिंगरीने सकाळच्या चहाला जाहीर करून टाकलं!

"आधी चहा सांडू नकोस," आई म्हणाली.

पण भिंगरीला आता सांडलेल्या चहाची पर्वा कुठली! गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात इतकी गप्प असायची, की हजेरीला तिचं 'हजर' ऐकायला बाईंना श्वास रोखून बसावं लागे. मग एके दिवशी विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "आम्लात निळा लिटमस बुडवला तर काय होईल?" सगळा वर्ग छताकडे बघत होता आणि भिंगरीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "लाल होईल!" झालं! त्या दिवशी तिच्या जिभेवरचं झाकण जे उडालं, ते पुन्हा कुणाला सापडलंच नाही. लिटमसचे कागद घेऊन ती घरभर फिरू लागली. लिंबू: आम्ल. बाबांचा दाढीचा साबण: आम्लारी. मावशीचा स्वभाव: तपासणी चालू आहे!

शनिवारच्या कार्यक्रमात बाईंनी तिच्यावर एक जादूचा प्रयोग सोपवला होता. पांढऱ्या कापडावर सोड्याच्या पाण्याने काहीतरी लिहायचं. वाळलं की कापड कोरं. मग त्यावर एक रंगहीन औषध फवारायचं, की लालभडक अक्षरं उमटतात आणि लोक आ वासून बघत असतानाच हळूहळू विरून जातात! औषधाचं नाव फिनॉल्फ्थॅलीन. आख्ख्या वर्गात हे नाव एका दमात म्हणणारी भिंगरी एकटीच. हे औषध म्हणजे वर्गातली पक्की चहाडखोर मुलगी समजा. आम्लाबद्दल तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पण साबण, सोडा असली एखादी आम्लारी दिसली, की गाल लाल करून बोंबलत सुटणार! बाईंनी सरावासाठी चांगली मोठी बाटली भरून दिली होती. भिंगरीने घरी येताच ते औषध एका फवाऱ्याच्या बाटलीत ओतलं, 'सराव उद्यापासून!' असं स्वतःलाच बजावलं आणि जेवायला पळाली.

घर वर आणि खाली मावशीची लाँड्री. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. खालच्या लांबलचक खोलीत एका बाजूला भट्टी, तिच्या वाफेने भिंतींना कायम घाम फुटलेला. मध्ये सिमेंटचे हौद, पुढे पिळायचं यंत्र, दाराशी इस्त्रीचं टेबल. सगळ्यात वर पत्र्याखाली वाळवणीचा माळा. मावशीच्या हौदाची ख्याती अशी, की डाग तिला बघूनच पत्ता बदलतो! तिची एक खास रीत होती. बाकीचे लोक हौदात नुसता धुण्याचा सोडा टाकतात. मावशी त्यात मूठमूठभर खायचा सोडाही टाकायची. "मोठा सोडा मळ खातो, धाकटा सोडा हात राखतो," ती म्हणायची. कितीही चादरी बुडवा, कसलाही घाम, कसलंही आंबट सांडलेलं असो, तिच्या हौदाचं पाणी सकाळी जसं तसंच संध्याकाळी.

आणि अशा या मावशीकडे एका ढगाळ सकाळी कोपऱ्यावरच्या लॉजचे मॅनेजर आले.

पाहुणे झोपलेले असतात म्हणून या मॅनेजरांना कुजबुजत बोलायची सवय लागली होती, आणि ती बाजारातही सुटत नसे. भाजीवालीशी ते बटाट्यांबद्दल अशा आवाजात बोलत, की तिला वाटे आता कुणाचा तरी खून होणार. त्या दिवशी तर त्यांचा आवाज पार घशाच्या तळाशी गेला होता. त्यांनी एक उशीचा अभ्रा दोन बोटांनी धरून टेबलावर ठेवला.

"ताई, वरच्या मजल्यावरची टोकाची खोली. एक बाई उतरल्या होत्या. साबणाने तोंड धुतलं, ओल्या तोंडानेच आडव्या झाल्या. कूस बदलून बघतात तर उशीवर..."

"काय?"

"चेहरा."

इस्त्रीवाल्या काकांची इस्त्री जागच्या जागी थांबली.

"लाल! गाल, कपाळ, हनुवटी, सगळं! बाई किंचाळल्या. मी धावत गेलो. आणि ताई, मी बघतोय, माझ्या डोळ्यांसमोर तो चेहरा फिकट होत गेला. आधी हनुवटी, मग गाल. कपाळ तेवढं बराच वेळ माझ्याकडे बघत होतं."

"कपाळ कसं बघेल?" भिंगरीने जिन्यावरून विचारलं.

"तू गप गं," मावशी म्हणाली. "लिपस्टिक असेल हो."

"लिपस्टिक आपोआप जाते?"

हे मावशीलाही पटलं. लिपस्टिक आपोआप गेली असती, तर तिला लाँड्री कशाला टाकावी लागली असती?

"काल दुसरा पाहुणा," मॅनेजर आणखी खाली झुकले. "आंघोळ करून आला आणि हात टेकून पलंगावर बसला. उठला तर चादरीवर पंजा. पाच बोटं, स्वच्छ उमटलेली. त्याने पैजामा न बदलताच स्टेशन गाठलं! ताई, चादरी तुमच्याकडूनच आल्या होत्या."

मावशीच्या नाकपुड्या फुलल्या. तिच्या धुण्याला नावं ठेवणं म्हणजे आगीत रॉकेल! "माझ्या हौदात भूत काय, भुताचा बापही धुऊन निघेल!" असं म्हणत तिने तो पांढराशुभ्र अभ्रा उचलला आणि सोड्याच्या हौदात बुडवला.

पाणी शांत होतं. मग अभ्र्याच्या मधोमध एक लाल ठिपका उठला. शेजारी दुसरा. ठिपके पसरले, एकमेकांना भेटले आणि त्यांतून लाल धागे सुटून पाण्यात वळवळत वर आले, मावशीच्या मनगटाभोवती गुंडाळले. वाफेतून ते गुलाबी दिसत नव्हतं, चक्क रक्त दिसत होतं. भट्टीत फक्त पाणी खदखदत होतं.

"आई गं!" काकांनी टेबलाखाली बसून घेतलं.

मॅनेजर दारापर्यंत उलटे चालत गेले. "सगळ्या चादरी पाठवतो," ते कुजबुजले. "आजच्या आज धुवा. संध्याकाळी मोठा ग्रुप उतरतोय. मी स्वतः येऊन बघणार. एक बोट जरी उमटलं ना ताई, तर पुलापलीकडच्या मशीनवाल्या लाँड्रीला काम देईन. माझा इलाज नाही."

लॉजच्या कामावर मावशीची अर्धी भट्टी पेटत असे. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भिंगरी मात्र खूश! भूत स्वतःच्या पायांनी घरी आलं होतं! शाळेला सुट्टी होतीच. तिने बाह्या सरसावल्या. "काका, बाहेर या! आता शास्त्रीय पद्धतीने बघू."

हातगाडीवरून चादरींचा ढीग आला. भिंगरीने एक चादर नळाच्या पाण्याने भिजवली. काही नाही. काकांचा हात धरून चादरीवर दाबला. काही नाही. स्वतःचा हात ठेवला. कोरी. "बघा! कुठंय भूत?"

"आण इकडे," मावशी म्हणाली आणि चादर घ्यायला तिने हौदातून हात काढून पुढे केला.

जिथे जिथे तिची बोटं लागली, तिथे तिथे लाल बोटं उमटली.

तिने चटकन हात मागे घेतला. चादरीवर पंजा तसाच राहिला, तिच्याकडे पसरलेला, जणू कुणीतरी आतून टाळी मागत होतं. तिने दुसरी चादर उचलली. लाल. तिसरी. लाल. काकांचा हात: पांढरा. भिंगरीचा: पांढरा. मावशीचा: लाल!

"ताईंच्याच हाताला सुटतंय," काका नाकात बोलले. काकांना बारमाही सर्दी, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य विहिरीतून आल्यासारखं वाटे. "दुसऱ्या कुणाच्या नाही. ताईंच्याच."

"काका, वेड्यासारखं बोलू नका!"

"मी काय बोलतो गं? चादर बोलतेय."

काका असले, की गावाला वर्तमानपत्र लागत नसे. ते सुपारी आणायला म्हणून कोपऱ्यावर गेले आणि दुपार व्हायच्या आत तीन घरांतून निरोप आले: आमचे कपडे न धुताच परत पाठवा. शेजारची शिंपीण दारातून डोकावली, मावशीच्या हातांकडे बघितलं, "काही नाही, सहज," म्हणाली आणि आपल्या मुलाला मागे ओढून घेऊन गेली.

आणि मावशी? कधी कुणाला हार न गेलेली मावशी हौदाच्या कठड्यावर बसून आपले हात बघत होती. उलटे, सुलटे. वर्षानुवर्षं पाण्यात राहून सुरकुतलेले ते हात. मग तिने जुन्या फडक्याच्या पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गुंडाळून टाकले.

"मावशी, हे काय गं?"

"नको. मी कशाला हात लावत नाही आता." तिचा आवाज मॅनेजरांपेक्षाही बारीक झाला होता. "लोकांच्या अंगावरचे कपडे असतात गं. लहान मुलांचेही. काय सांगावं, माझ्या हातून काय लागतंय त्यांना!"

भूत वगैरे ठीक होतं, पण मावशीचे बांधलेले हात भिंगरीला बघवेनात. "तू बस! मी धुते!" असं म्हणून तिने सोड्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घातले आणि लोकांचे परत जायचे कपडे तसेच बाजूला ठेवून घरचेच दोन टॉवेल खसाखसा चोळले. काम केलं की डोकं चालतं, असं बाबा म्हणतात. तिचं डोकं काही चाललं नाही, पण हात बुळबुळीत झाले.

"इस्त्री करून हवेला टाकलेल्या लॉजच्या थोड्या चादरी माळ्यावर राहिल्यात," मावशी म्हणाली. "त्यापण आणायला हव्यात. काका जाणार नाहीत."

"मी जाते की! त्यात काय!"

त्यात बरंच काही होतं. माळ्यावर पत्र्यावरून ढग सरकत होते आणि भरदुपारी आत संधिप्रकाश पसरला होता. दोऱ्यांवर चादरींच्या रांगा लागल्या होत्या. एक हलली की तिच्या मागची हलायची, मग तिच्या मागची, जणू शेवटच्या रांगेतून कुणीतरी एकेक चादर सारत पुढे येत होतं. भिंगरी मोठ्याने म्हणाली, "हवा आहे! हवेचा दाब!" तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला, पण जरा उशिरा आणि जरा जाड होऊन!

खालची भट्टी, नळ, काकांची शिंक, काहीच ऐकू येत नव्हतं. तिने पहिली चादर बाजूला सारली. दुसरी सारली. मग का कोण जाणे, मागे वळून बघितलं.

तिने सारलेल्या दोन्ही चादरींवर लाल पंजे होते.

लहान पंजे. तिच्याच मापाचे.

ते तिच्या मागे मागे आलं होतं! ओरडायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा निघाली. तोंडासमोर हातभर अंतरावर तो पंजा होता आणि ती घाबरलेल्या म्हशीसारखी त्याच्यावर हाऽ हाऽ करत श्वास टाकत होती. आणि पंजाचा अंगठा फिकट झाला.

ती आणखी जोरात धापा टाकू लागली. तर्जनी गेली! मधलं बोट गेलं! ती जितकी घाबरत होती, तितकं भूत पळत होतं! आजवर भुताला घाबरून माणसं पळाल्याचं ऐकलं होतं, पण माणसाच्या घाबरण्याला घाबरून भूत पळतंय हे भलतंच होतं! करंगळीच्या टोकाशी शेवटचा लाल कण उरला, तेव्हा तिच्या डोक्यात बाईंचा आवाज वाजला: नळीने फुंका मुलींनो! आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो ओलाव्यात मिसळला की सौम्य आम्ल होतं. बघा, रंग गेला की नाही?

भिंगरीने आपले बुळबुळीत हात बघितले. सोडा. मावशीच्या हाताला सोडा. तोंड धुतलेल्या बाईच्या गालाला साबण. आंघोळ करून आलेल्या पाहुण्याच्या हाताला साबण!

"फिनॉल्फ्थॅलीन!!" ती इतक्या जोरात किंचाळली, की खाली काका पुन्हा टेबलाखाली गेले.

ती जिन्यावरून घरंगळतच आली. "काका! इस्त्रीला मारता ती ही फवाऱ्याची बाटली कुठून आणली?"

"कुठून म्हणजे? टेबलावरच होती. भरलेली होती, म्हटलं कुणी तरी देवमाणसाने भरून ठेवली. संपली तसं साधं पाणी भरलं." काकांनी नाक ओढलं. "पण त्या दिवशी काय इस्त्री पळत होती! मारला फवारा की कापड वाळलंच!"

वाळणारच! औषध अल्कोहोलात विरघळवलेलं होतं! दुसरं कुणी असतं तर वासावरूनच ओळखलं असतं. पण काकांच्या नाकात वास शिरायला जागाच नव्हती. त्यांनी लॉजच्या ढीगभर चादरींवर तिची शनिवारची जादू मन लावून शिंपडली होती आणि वर कडक इस्त्री केली होती!

भिंगरीने मावशीसमोर गुडघे टेकले आणि तिच्या हातांवरच्या पट्ट्या सोडायला लागली. "मावशी, तुझ्या हाताला फक्त सोडा आहे गं! चादरीवर माझं औषध आहे, त्याला सोडा लागला की ते लाल होतं. बघ, माझेही हात लाल उमटले! फुंकर मार, जातं की नाही बघ!"

मावशीने फुंकर मारली. मग परत मारली. चादरीवरचं लाल बोट विरून गेलं, तशी तिच्या चेहऱ्यावरची राखही उडाली.

"म्हणजे माझ्या हातात काही नाही?"

"काही नाही!"

"नक्की?"

"आईशप्पथ!"

मावशीने डोळे पुसले, खोल श्वास घेतला आणि भिंगरीच्या डोक्यात सणसणीत टपली मारली. "आणि बाटली टेबलावर कुठल्या देवमाणसाने ठेवली होती?"

आता घाई सुरू झाली! सगळ्या चादरी सोड्याच्या हौदात बुडवल्या, म्हणजे औषध कापडातून सुटून पाण्यात उतरेल. उतरलं! हौद असा लाल झाला, की खिडकीतून डोकावलेला कावळाही मान वळवून उडून गेला. चादरी पिळल्या, स्वच्छ पाण्यात खळबळल्या, पुन्हा पिळल्या, पुन्हा खळबळल्या. चादरी पांढऱ्या, हौद लाल!

"हौद सोडते," काका अजून पिळत होते म्हणून मावशी स्वतःच बुचाकडे गेली.

"थांब!" भिंगरी ओरडली. "गटार उघडं आहे! हे पाणी दुकानासमोरून अख्ख्या गल्लीतून वाहणार, लॉजच्या दारापर्यंत!"

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. मावशीने बुचावरचा हात काढला.

"सोप्पं आहे!" भिंगरीने छाती पुढे काढली. "आम्लारीवर उतारा आम्ल! शेवटच्या खंगाळणीला घालतेस ते व्हिनेगर आण. एक झाकण ओतते, रंग गायब! बघत राहा!"

एक झाकण ओतलं. जिथे पडलं तिथे पांढरा डोळा उघडला, फस्स करून फेस आला आणि डोळा मिटला. हौद लाल.

अर्धी बाटली ओतली. फस्स! हौद लाल.

"शाळेत तर थेंबाने जातं!" भिंगरीला घाम फुटला. बाटली संपली, तेव्हा फेस गुलाबी मेंढ्यांच्या कळपासारखा कठड्यावर चढला होता, आणि पाण्याचा रंग मात्र जराही ढळलेला नव्हता. असं कसं? हे पाणी ऐकत का नाही?

मग तिची नजर खायच्या सोड्याच्या डब्यावर गेली. मोठा सोडा आणि धाकटा सोडा! मावशी रोज आपल्या हौदात चक्क बफर बनवत होती! वर्गात 'बफर' शिकवलं तेव्हा भिंगरीला ते लगेच कळलं होतं, कारण तिच्या घरात एक बफर आधीपासून होता: बाबा. या बाजूने आई तडकली, "हं." त्या बाजूने मावशी फणकारली, "हं." दोघींनी काहीही ओता, बाबांचा पारा तिथल्या तिथे! पेपरमागे सगळं आम्ल आणि सगळी आम्लारी मुरून जायची. पण बाबांनाही मर्यादा होती. एकदा तीही संपली होती. आदल्या क्षणापर्यंत 'हं' आणि पुढच्या क्षणी पेपर पंख्यावर!

"आणखी व्हिनेगर!" भिंगरी गरजली. "मर्यादा असतेच! सगळा कॅन आणा!"

काकांनी कॅन घरंगळत आणला. तिघांनी तो उचलला. वाफेने खोली भरली, व्हिनेगरच्या वासाने डोळे चुरचुरू लागले, हौद खवळला, लाल फेस काठावरून फरशीवर उतरून तिघांच्या पायांशी वळवळू लागला. मावशीचे हात कोपरापर्यंत लाल. केस सुटलेले. भिंगरी काठीने हौद ढवळत ओरडतेय, "जा! जा म्हणते ना! जातेस की नाही!" आणि काका विहिरीतल्या आवाजात रडतायत.

नेमक्या त्या क्षणी मॅनेजर दारात उभे राहिले.

त्यांनी काय बघितलं असेल, याची कल्पना करा! त्यांच्या तोंडून कुजबुजही फुटेना.

"आलात?" मावशी वळून म्हणाली. रागाने नाही, बरं का, स्वागतानेच. पण लाल हात वर करून म्हणाली, त्यामुळे मॅनेजर दाराच्या चौकटीला घट्ट चिकटले.

कॅनमधली शेवटची धार पडली. हौदाच्या मध्यावर एक फिकट वर्तुळ उघडलं. या वेळी ते मिटलं नाही. ते मोठं झालं, हललं, काठीसोबत गरगर फिरलं, आणि एका घुसळणीसरशी सगळा हौद, तो लाल, उकळता, फेसाळता हौद, काचेसारखा पारदर्शक झाला! तळाचं सिमेंट दिसलं. तळाशी पडलेलं काकांचं बटण दिसलं! मावशीच्या हातांवरून व्हिनेगरचं पाणी ओघळलं आणि हातही पुन्हा हातांसारखे झाले.

फेसाचा एकेक बुडबुडा फुटत होता.

मॅनेजर चौकटीला धरून हळूहळू खाली सरकत आले आणि उंबऱ्यावर बसले.

मावशीने पाण्यात सोड्याची चिमूट कालवून आपला तळहात ओला केला, धुतलेल्या चादरींपैकी एक पसरली आणि तिच्यावर दाबला. सगळे वाकले. भिंगरीने श्वास रोखून धरला. चुकून फुंकर बसायला नको! मावशीने हात उचलला.

पांढरं. नुसतं ओलं, पांढरं.

"उतरवलंत," मॅनेजर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले होते. "ताई, तुम्ही उतरवलंत!"

"नाही हो!" भिंगरी काठी टाकून पुढे आली. शास्त्राचा प्रश्न होता! तिने सगळं सांगितलं. बाटली आपली, चूक आपली, फवारा काकांचा. आम्ल, आम्लारी, दर्शक, बफर, बफरची मर्यादा! मॅनेजर हात जोडून ऐकत होते. मध्ये मध्ये मान डोलावत होते. एकदा तर त्यांनी डोळेही मिटले.

"कळलं ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"कळलं, बाळ. मोठं अवघड काम आहे. पडद्यांपासून पायपुसण्यांपर्यंत लॉजचं सगळं आजपासून इथंच येईल. आणि हे जे तू म्हणालीस ना, फिनॉल... ते मी कुणाला सांगणार नाही. गुरूचं नाव उघड करू नये."

त्यांनी ते सांगितलं नाही. बाकी सगळं मात्र सांगितलं! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दारात रांग. परत गेलेली तिन्ही घरं तर आलीच, शिंपीणही आली, वर मुलाला मावशीच्या पाया पडायला लावलं. कुणी रात्री करकरणाऱ्या खुर्चीची गादी आणली, कुणी कधीही वेळेवर न येणाऱ्या नवऱ्याचा शर्ट. मावशीने प्रत्येकाला बजावलं, "मी फक्त धुते. भुताबिताचं मला कळत नाही." लोक एकमेकांना कोपराने ढोसत म्हणाले, "बघा किती साधेपणा!"

भिंगरीने तर बाईंकडून नवं औषध आणून प्रत्येकाला पकडून पकडून प्रयोग करून दाखवला. लाल केलं, फुंकर मारली, पांढरं केलं. रांग आणखी वाढली!

एक गृहस्थ शाल घेऊन आले. "सासूबाईंची आहे," ते इकडे तिकडे बघत म्हणाले.

"वारल्या का हो?" मावशीने हळहळून विचारलं.

"छे छे! ठणठणीत आहेत. म्हणूनच तर आलो. काही होत असेल तर बघा. आणि ते फेस येणारं करा, साधं नको."

भिंगरीने त्यांनाही पूर्ण व्याख्यान दिलं. ते शाल ठेवून गेलेच.

संध्याकाळी एक ताठ कण्याच्या आजी काठी आपटत आत आल्या. भिंगरी टेबलामागे सरकली. शालीचाच जाब विचारायला आल्या असणार! पण आजींनी पदराआडून एक पुरुषी कोट काढला आणि टेबलावर आपटला.

"जावयाचा आहे. उतरवा!"

"आजी," भिंगरी कळवळून म्हणाली, "तुम्ही तरी समजून घ्या! भुतं नसतात हो! खरंच नसतात!"

"ते मला कळतं गं पोरी," आजी म्हणाल्या. "पण जावई असतात ना!"